सहा पेशंट आणि एक वही: एफएमजीईसाठी ऑन्कोलॉजी अशी करा

एफएमजीई म्हणजे बाहेरच्या देशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिस करण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. तिच्या पहिल्या अटेम्प्टला मला १४१ पडले. पास व्हायला १५० लागतात, म्हणजे फक्त नऊ प्रश्न कमी पडले. घरी आल्यावर आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढले, चुकलेले बाजूला केले, तर त्यातले कितीतरी कॅन्सरचे निघाले. कॅन्सर मी वाचलाच नव्हता असं अजिबात नाही हो. पॅथॉलॉजीत निओप्लेझिया (कॅन्सरच्या गाठी कशा होतात ते) दोनदा वाचलेला, सर्जरीत ब्रेस्ट, गायनॅकमध्ये सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड, फार्मात कीमोची औषधं, सगळं झालेलं. पण सगळं सुटं सुटं, वेगवेगळ्या महिन्यात, वेगवेगळ्या वह्यांत. पेपरात मात्र एकाच बाईचं वय, तिची तक्रार, तपासणीत काय सापडलं हे सगळं देतात आणि मग विचारतात आता पुढे काय करणार, आणि तिथे माझ्या डोक्यातल्या चार वह्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

दुसऱ्या वेळी मी पद्धत बदलली, विषयवार वाचण्याऐवजी सगळा कॅन्सर सहा नमुन्याच्या पेशंटभोवती एका वहीत गोळा केला, आणि ती पद्धत इथे नीट सांगते, कारण बाहेरून शिकून आलेले आपले बरेच जण याच ठिकाणी अडकतात हे मी अभ्यासाच्या ग्रुपमध्ये रोज बघते.

आधी पेपर बघून घ्या

३०० प्रश्न, १५० आणि १५० असे दोन भाग, निगेटिव्ह मार्किंग नाही. विषयवार मार्क ठरलेले आहेत आणि त्या यादीत ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सरचा विषय, या नावाची ओळच नाही. स्वतःच्या नावाने फक्त रेडिओथेरपीला ५ मार्क आहेत. बाकी सगळा कॅन्सर वाटला गेलाय: पॅथॉलॉजीच्या १३ मध्ये, फार्माच्या १३ मध्ये, मेडिसिनच्या ३३, सर्जरीच्या ३२, गायनॅक-ऑब्सच्या ३०, पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्य) ३०, शिवाय ईएनटी, डोळे आणि पेडियाट्रिक्स प्रत्येकी १५. म्हणून "ऑन्कोलॉजी शेवटी बघू" असं जो म्हणतो त्याचं ते शेवटी बघणं कधी येतच नाही, कारण यादीत ती त्याला दिसतच नसते.

मी एकूण २१ दिवस ठेवले होते, रोज दोन तास, सकाळी. बाकीचा दिवस इतर विषय. सहा पेशंटना प्रत्येकी दोन दिवस म्हणजे १२, मग पॅथॉलॉजीच्या मुळांना ३, रेडिओथेरपीला २, आणि उरलेले ४ दिवस फक्त मिक्स प्रश्न.

वही कशी आखायची

२०० पानी मोठी वही घ्या. एका पेशंटला समोरासमोरची पानं. उजव्या पानावर सहा चौकोन: कोण आहे (वय, सवय, गाव), कशामुळे झालं, पहिली तपासणी कोणती आणि पक्कं करणारी कोणती, स्टेज, ट्रीटमेंट, आणि शेवटचा चौकोन म्हणजे हा पेशंट कशाने दगावतो किंवा ट्रीटमेंटमुळे त्याला काय होतं. डावं पान कोरं ठेवायचं, त्यावर फक्त त्या पेशंटचे चुकलेले प्रश्न येणार. टाइप करू नका, हाताने लिहा, आणि चौकोनात मावेल तेवढंच लिहा. मावत नाही म्हणून दुसरं पान जोडलंत की ती परत एक नोट्सची वही होते.

बहुतेक जण निओप्लेझियाच्या चॅप्टरपासून सुरू करतात, जीन, ऑन्कोजीन, क्रोमोसोमचे आकडे. माझं म्हणणं आहे तसं करू नका. आधी किमान दोन पेशंट पूर्ण करा, मग पॅथॉलॉजी उघडा, म्हणजे पी५३ (कॅन्सर रोखणारा जीन) हा नुसता आकडा राहत नाही, आपल्या पेशंटला काय झालं त्याचं उत्तर होतो.

पहिला पेशंट: गालाच्या आतला व्रण

पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं तंबाखू-चुना आणि गुटखा, गालाच्या आत न भरणारा व्रण. हा पेशंट मी मुद्दाम पहिला घेते. जिथे मी शिकले तिथल्या वॉर्डात मी सहा वर्षांत सबम्युकस फायब्रोसिस एकदाही पाहिला नाही, तिकडे सुपारी कोण खातंय? इथे आल्यावर आमच्या गल्लीतल्याच एका काकांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. नॉर्मल माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, करून बघा आत्ताच. परीक्षेत "तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, आतली त्वचा पांढरी आणि कडक" असं आलं की तोच. कारण सुपारी, तिच्यातला अरेकोलीन फायब्रोब्लास्टना कोलॅजन करायला लावतो. हे लक्षात ठेवा, तंबाखू नाही, सुपारी. विदर्भातला खर्रा, इकडचा मावा, दोन्हीत सुपारी असतेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पेशंट येतातच.

बाहेर शिकलेल्यांसाठी सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. भारतातलं एपिडेमिऑलॉजी वेगळं आहे. ग्लोबोकॅन २०२२ (जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी) प्रमाणे भारतात पुरुषांमध्ये पहिला नंबर ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचा, बायकांमध्ये ब्रेस्टचा, आणि जगभरात मिळून पहिला फुफ्फुसाचा. पाश्चात्त्य पुस्तकात तोंडात सगळ्यात जास्त जिभेच्या कडेला होतो असं असतं, आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या मधली जागा, कारण तंबाखूची चिमूट तिथेच धरून ठेवतात. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा उलटा, जळतं टोक तोंडात धरून ओढतात म्हणून तिकडे टाळूचा कॅन्सर. काश्मीरमध्ये कांगडीमुळे (अंगाशी धरायची निखाऱ्यांची शेगडी) पोटाच्या आणि मांडीच्या त्वचेचा. पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांनी १९४५ साली धोतराच्या गाठीच्या जागी कमरेवर होणारा कॅन्सर लिहून ठेवलाय, त्याला आजही धोती कॅन्सर म्हणतात. आणि आपल्या गावाकडच्या आज्या मिश्री लावतात, भाजलेली तंबाखू दातांना, ती सवय हिस्ट्रीत कुणी आपणहून सांगत नाही कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं.

आता चौकोन भरा. पांढरा डाग ल्युकोप्लेकिया, लाल डाग एरिथ्रोप्लेकिया, आणि लाल जास्त धोक्याचा. तपासणी: व्रणाच्या कडेवरून बायॉप्सी, मधून नाही, मध्ये सगळं मेलेलं टिश्यू येतं. टीएनएम स्टेजिंगच्या (टी म्हणजे मूळ गाठ किती वाढली) आठव्या आवृत्तीपासून नुसता आकार नाही तर खोलीपण बघतात: ५ मिमीच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे, हे तीन टप्पे टी१, टी२, टी३ शी जोडून ठेवा. जबड्याचं हाड फोडून आत गेला की टी४ए. ट्रीटमेंट: तोंडाच्या कॅन्सरला आधी सर्जरी. घशाच्या वरच्या भागाचा, म्हणजे नॅसोफॅरिंक्सचा असेल तर आधी रेडिएशन, हे उलट-सुलट करणारे प्रश्न येतात.

मानेचा प्रश्न इथला सगळ्यात आवडता. मानेत गाठ हाताला लागत नाही, कॅन्सर लहान आहे, तरी मानेतल्या गाठी काढायच्या का? टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी ट्रायल केली, २०१५ मध्ये छापून आली, आधीच मान साफ केलेल्यांमध्ये तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांमध्ये ६७.५. म्हणून उत्तर इलेक्टिव्ह नेक डिसेक्शन. मॉडिफाइड रॅडिकल नेक डिसेक्शनमध्ये काय काय वाचवता येतं? स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह, इंटर्नल जुग्युलर व्हेन, स्टर्नोमास्टॉइड. ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये कड पॉझिटिव्ह किंवा गाठीच्या कवचाबाहेर पसरलेला असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन.

दुसरा पेशंट: संबंधानंतर रक्त जाणारी मावशी

सर्व्हिक्सवर दोन दिवस पूर्ण द्या, तीनही चालतील. पॅथॉलॉजी, मायक्रो, गायनॅक, पीएसएम, रेडिओथेरपी असे पाच विषय एका बाईत येतात.

सुरुवात व्हायरसपासून. एचपीव्ही १६ सगळ्यात कॉमन, १८ चा ॲडेनोकार्सिनोमाशी जास्त संबंध. व्हायरसचं ई६ प्रोटीन पी५३ ला संपवतं, ई७ आरबीला, तोही कॅन्सर रोखणाराच. कॅन्सर सुरू होतो ती जागा ट्रान्स्फॉर्मेशन झोन. व्हीआयए ही डोळ्याने बघायची तपासणी, म्हणजे ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं, पांढरं झालं तर पॉझिटिव्ह. आयोडीन लावलं तर उलट, नॉर्मल पेशीत ग्लायकोजेन असतं म्हणून त्या तपकिरी होतात, आजारी भाग रंग घेत नाही. पाळी गेलेल्या बाईत व्हीआयए भरवशाची नाही, झोन आत सरकलेला असतो.

आणि हा सापळा लाल पेनने लिहा: सर्व्हिक्सवर डोळ्याला गाठ दिसतेय तर पॅप (पेशी खरवडून बघणं) नाही, कॉल्पोस्कोपी (भिंगातून बघणं) नाही, थेट पंच बायॉप्सी. पॅप हा न दिसणारं शोधायला असतो. माझा पहिल्या अटेम्प्टला हाच प्रश्न चुकला होता, पॅप हे ऑप्शन मला ओळखीचं वाटलं म्हणून टिक केलं.

स्टेज पाठ करताना आकृती काढून पाठ करा. गर्भाशय काढा, बाजूला पॅरामेट्रियम, बाहेर पेल्व्हिक वॉल, पुढे ब्लॅडर, मागे रेक्टम. मग कॅन्सर पसरवत न्या. सर्व्हिक्समध्येच आहे तर १, व्हजायनाच्या वरच्या दोन तृतीयांशात गेला २ए, पॅरामेट्रियममध्ये २बी, खालच्या एक तृतीयांशात ३ए, पेल्व्हिक वॉलला टेकला किंवा किडनी फुगली ३बी, गाठी पॉझिटिव्ह ३सी, ब्लॅडर किंवा रेक्टमच्या म्युकोसात ४ए, लांब गेला ४बी. २०१८ च्या फिगोमध्ये (गायनॅकच्या कॅन्सरची स्टेज ठरवायची पद्धत) दोन मुख्य गोष्टी बदलल्या: १बी चे तीन भाग झाले, २ सेंमीच्या आत, २ ते ४, आणि ४ च्या पुढे, आणि ३सी नवीन आला. जुन्या नोट्स वापरत असाल तर तिथे १बी चे दोनच भाग असतील, त्या फेकून द्या.

ट्रीटमेंटची भिंत २बी वर उभी आहे. त्याच्या अलीकडे लहान असेल तर रॅडिकल हिस्टरेक्टॉमी, २बी आणि पुढे सिस्प्लॅटिनसोबत रेडिएशन. अलीकडचाही मोठा, ४ सेंमीच्या पुढचा असेल तर तोही रेडिएशनकडे जातो. ब्रेकीथेरपीचा (आतून, गाठीजवळ सोर्स ठेवून दिलेलं रेडिएशन) पॉइंट ए इथेच शिकून घ्या: २ सेंमी वर, २ सेंमी बाजूला, जिथे युरेटरला युटेराइन आर्टरी ओलांडते. पॉइंट बी मधल्या रेषेपासून ५ सेंमी. आणि शेवटचा चौकोन: ही बाई दगावते ती युरेमियाने, कारण दोन्ही युरेटर दाबले जातात. ३बी मध्ये किडनी फुगते असं वर लिहिलंय ना, तेच पुढे जाऊन इथे येतं, वेगळं पाठ करायची गरजच नाही.

पीएसएम: डब्ल्यूएचओचं ९०-७०-९०, साल २०३०. ९० टक्के मुलींना १५ वर्षांच्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ ला तपासणी, ९० टक्के सापडलेल्यांना उपचार. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, ब्रेस्ट, सर्व्हिक्स या तिघांची तपासणी दर पाच वर्षांनी, आणि त्याआधी आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका मोजणारा) भरतात, स्कोअर ४ च्या वर गेला की आधी बोलावतात. शक्य असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन एकदा तो फॉर्म हातात घेऊन वाचा. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस चार प्रकारांवर चालते, ६, ११, १६, १८. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट, बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांवर झालेल्या ट्रायलने २००९ मध्ये दाखवून दिलं की आयुष्यात एकदा जरी एचपीव्ही टेस्ट केली तरी वाढलेला कॅन्सर आणि मृत्यू कमी होतात. त्या बायका आपल्याच मावश्या-आत्यांच्या गावातल्या. मला तो आकडा तेव्हापासून कधी विसरला गेला नाही.

तिसरी: ब्रेस्टमधली गाठ

ट्रिपल असेसमेंट म्हणजे हाताने तपासणी, इमेजिंग, टिश्यू. तरुण मुलीत सोनोग्राफी, वय जास्त असेल तर मॅमोग्राफी, आणि टिश्यू म्हणजे ट्रूकट (जाड सुईने तुकडा), एफएनएसी (बारीक सुईने पेशी) नाही, कारण ट्रूकटमध्ये इन्व्हेजन कळतं आणि ईआर, पीआर, हर-टू या औषध ठरवणाऱ्या टेस्ट करता येतात. टी१ २ सेंमीपर्यंत, टी२ ५ पर्यंत, टी३ ५ च्या पुढे, टी४ म्हणजे चेस्ट वॉल किंवा त्वचा. सापळे तीन. पेक्टोरॅलिस मसल म्हणजे चेस्ट वॉल नाही. त्वचा आत खेचली गेली किंवा निपल आत गेलं तर एवढ्यावरून टी४ होत नाही. पण संत्र्याच्या सालीसारखी सूज आली तर टी४. खेचलं जाणं कूपर लिगामेंटमुळे, संत्र्याची साल लिम्फॅटिक बंद झाल्यामुळे, दोन्हींची कारणं वेगळी म्हणून स्टेजही वेगळी.

पाळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेन, गेली असेल तर ॲरोमाटेज इनहिबिटर. टॅमॉक्सिफेनने एंडोमेट्रियमचा कॅन्सर वाढतो, ट्रास्टुझुमॅबने हार्टवर परिणाम होतो पण तो औषध थांबवलं की बहुतेक भरून येतो, डॉक्सोरुबिसिनचा तसा येत नाही.

चौथा: फिकट पडलेलं पोर

चार वर्षांचा मुलगा, ताप, अंगावर लाल ठिपके, पाय दुखतात म्हणून चालत नाही. एएलएल हा रक्ताचा कॅन्सर, मुलांमधला सगळ्यात कॉमन कॅन्सर. लपायच्या जागा दोन, मेंदूभोवती आणि टेस्टिस, म्हणून मणक्यातून औषध द्यावं लागतं. व्हिन्क्रिस्टीन मात्र मणक्यात कधीच नाही, जीव जातो. क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल १२;२१ असेल तर चांगलं, ९;२२ वाईट.

याच पानावर पोटातली गाठ पण घ्या. विल्म्स (किडनीची गाठ): तब्येतीने बरं असलेलं मूल, अंघोळ घालताना आईच्या हाताला लागते, सहसा मधली रेषा ओलांडत नाही. न्यूरोब्लास्टोमा: आजारी, चिडचिडं, रेषा ओलांडते, कॅल्सिफिकेशन, लघवीत व्हीएमए आणि एचव्हीए, डोळ्यांभोवती काळं. आणि डोळ्यात पांढरी चमक म्हणजे रेटिनोब्लास्टोमा. नुडसनने १९७१ मध्ये टू-हिटची कल्पना (जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या की कॅन्सर) याच आजारावरून मांडली.

पाचवा फुफ्फुसाचा, त्याला एक दिवसही पुरतो. स्मॉल सेल: एडीएच, एसीटीएच ही हॉर्मोन सोडतो, आणि लॅम्बर्ट-ईटन (स्नायूंचा अशक्तपणा). स्क्वेमस: मध्यभागी, पीटीएचआरपीमुळे कॅल्शियम वर. ॲडेनो: कडेला, बिडी-सिगरेट न ओढणाऱ्यांतही, ईजीएफआर आणि एएलके तपासायचं. ॲस्बेस्टॉसला सगळ्यात कॉमन काय? फुफ्फुसाचा कॅन्सर. सगळ्यात स्पेसिफिक काय? मेसोथेलिओमा. प्रश्नातला तो एक शब्द दोनदा वाचा.

सहावा: कीमोनंतर ताप

हा वॉर्डातला पेशंट, आणि इंटर्नशिपला पहिल्याच रात्री तुमच्यासमोर येईल म्हणून फक्त मार्कांसाठी वाचू नका. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, ताप एकदा ३८.३ किंवा तासभर ३८. कल्चर पाठवा आणि रिपोर्टची वाट न बघता सुडोमोनासवर चालणारं ॲन्टिबायोटिक सुरू करा, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम. व्हॅन्कोमायसिन पहिल्यापासून सगळ्यांना नाही.

त्याच पानावर ट्यूमर लायसिस. हे पाठ करू नका, डोळ्यापुढे आणा. डाळिंब फुटलं की आतलं सगळं बाहेर येतं तशी पेशी फुटली की आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि डीएनएचा युरिक ॲसिड रक्तात. फॉस्फेट कॅल्शियमला पकडून बसतं म्हणून फक्त कॅल्शियम खाली. युरिक ॲसिड उतरवणारं रास्बुरिकेज देण्याआधी जी६पीडी एन्झाइम कमी आहे का विचारा. मणका दाबला जाऊन पाय लुळे पडतायत तर आधी डेक्सामेथासोन, मग एमआरआय. कॅल्शियम वाढलंय तर आधी सलाईन भरपूर, मग झोलेड्रॉनिक ॲसिड.

कीमोची औषधं मी ड्रॉइंग पेपरवर एक माणूस काढून केली. कान आणि किडनीवर सिस्प्लॅटिन, उलट्याही त्याच्याच सगळ्यात जास्त. छातीत डाव्या बाजूला डॉक्सोरुबिसिन आणि शेजारी ते टाळणारं डेक्सराझॉक्सेन. फुफ्फुसावर ब्लिओमायसिन. पॅन्क्रियाजवर ॲस्पॅरॅजिनेज. आतड्यावर आयरिनोटेकॅन, जुलाब. ब्लॅडरवर सायक्लोफॉस्फामाइड, कारण ॲक्रोलिन, उपाय मेस्ना. तळपायावर व्हिन्क्रिस्टीन आणि पॅक्लिटॅक्सेल, मुंग्या. तोंडात मेथोट्रेक्सेट, उपाय ल्युकोव्होरिन. हाडाच्या आत मॅरोवर सगळेच, फक्त ब्लिओमायसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि ॲस्पॅरॅजिनेज जवळपास बाहेर. तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावला होता, आईलाही पाठ झाला.

आता पॅथॉलॉजी उघडा

तीन दिवस. ट्रान्सलोकेशनमध्ये (क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल) आधी १४ नंबरचा क्रोमोसोम पकडा. १४ वर इम्युनोग्लोब्युलिनच्या हेवी चेनचा जीन बसतो आणि तो बी-सेलमध्ये कायम चालू असतो, म्हणून जो त्याच्या शेजारी येऊन बसेल तो पेटतो. ८;१४ मध्ये मिक येतो, बर्किट. ११;१४ मध्ये सायक्लिन डी१, मँटल सेल. १४;१८ मध्ये बीसीएल-२, फॉलिक्युलर. तीन आकडे, एकच गोष्ट. मग ९;२२ सीएमएल आणि इमॅटिनिब, १५;१७ एपीएल (हाही रक्ताचा कॅन्सर), त्याला एट्रा आणि आर्सेनिक, आणि एपीएलला डीआयसी (रक्त गोठण्याची घडी बिघडणं) होतं. ११;२२ युइंग. जीनच्या पत्त्यांमध्ये १३ वर आरबी आणि ब्राका-२, १७ वर पी५३, ब्राका-१, एनएफ-१.

मार्कर जोडीने लिहा, सुटे नको: एएफपी लिव्हर आणि योक सॅक, एचसीजी कोरिओकार्सिनोमा, एलडीएच डिसजर्मिनोमा, इन्हिबिन ग्रॅन्युलोसा, कॅल्सिटोनिन मेड्युलरी थायरॉइड. फोटोचे प्रश्न येतात म्हणून मोबाइलमध्ये ४० स्लाइड आणि एक्सरे ठेवा, नाव न लिहिता: घुबडाचे डोळे, स्टारी स्काय, सिग्नेट रिंग, सॅमोमा, कॉडमन ट्रायँगल, कांद्याच्या पापुद्र्यासारखं हाड. रिक्षात बसलं की दहा बघायचे.

याच दिवसांत एक वेगळं पान करा, बायॉप्सी कुठे करायची नाही किंवा नेहमीसारखी करायची नाही. मला या एका पानाने सगळ्यात जास्त मार्क मिळवून दिले असं मला मनापासून वाटतं. टेस्टिसची गाठ: स्क्रोटममधून सुई नाही, जांघेतून ऑर्किडेक्टॉमी. रेटिनोब्लास्टोमा: सुई नाही, पेशी बाहेर पसरतात. ओव्हरीची संशयित लवकरची गाठ: सुई नाही, फुटली की स्टेज वाढते. पॅरॉटिड: एफएनएसी चालते, कापून तुकडा नाही. लिम्फोमा: एफएनएसीवर भागत नाही, पूर्ण गाठ काढा. मेलॅनोमा: पूर्ण काढून बायॉप्सी. सिरोसिसच्या पेशंटला ट्रिपल फेज सीटीत ठरलेलं चित्र दिसलं तर लिव्हर कॅन्सरला बायॉप्सीची गरज नाही. थायरॉइडच्या फॉलिक्युलरमध्ये एफएनएसी ॲडिनोमा की कार्सिनोमा सांगूच शकत नाही, कवच आणि रक्तवाहिनी फुटलीय का ते बघावं लागतं.

रेडिओथेरपीचे ५ मार्क

दोन दिवसात होतात, तरी बरेच जण सोडून देतात, आणि माझ्यासारखं नऊने राहिलं की मग याच पाचांची आठवण येते. सेल सायकलमध्ये जी२-एम सगळ्यात नाजूक, एसचा शेवट सगळ्यात चिवट. पटकन विरघळणारे: सेमिनोमा, डिसजर्मिनोमा, लिम्फोमा, विल्म्स, युइंग. चिवट: मेलॅनोमा, ऑस्टिओसार्कोमा. कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य ५.२७ वर्षं, इरिडियम-१९२ चं ७४ दिवस, आयोडीन-१३१ चं ८ दिवस. नेहमीचा डोस दिवसाला १.८ ते २ ग्रे, आठवड्यात पाच दिवस. का तुकड्यात देतात? नॉर्मल पेशी मधल्या वेळात दुरुस्त होतात आणि ट्यूमरच्या आतल्या ऑक्सिजन नसलेल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचतो.

नवीन म्हणून एवढं बघून ठेवा: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही भारतात मंजूर झालेली पहिली कार-टी (पेशंटच्याच टी-सेल बदलून परत द्यायचा उपचार), ऑक्टोबर २०२३, टार्गेट सीडी१९, रिॲक्शन सायटोकाइन रिलीज, औषध टॉसिलिझुमॅब.

शेवटचे चार दिवस

रोज १०० मिक्स प्रश्न, विषयवार नाही. चुकला की उत्तर वाचून पुढे जाऊ नका, वही उघडा, तो प्रश्न कुठल्या पेशंटचा आणि कुठल्या चौकोनाचा ते ठरवा, डाव्या पानावर एका ओळीत लिहा. दोन दिवसांनी दिसेल की तुमची चूक एकाच चौकोनात होतेय. माझी "पहिली तपासणी" मध्ये व्हायची, मैत्रिणीची स्टेजमध्ये. मग शेवटचे दोन दिवस तोच चौकोन सहाही पेशंटचा आडवा वाचायचा.

सेंटरला जाताना बसमध्ये फक्त कीमोचा माणूस, १४ नंबरचं पान आणि बायॉप्सीचं पान. आत गेल्यावर अडलात तर पेशंटकडे बघा: स्थिर असेल आणि ऑप्शनमध्ये टिश्यू असेल तर आधी टिश्यू, वरच्या पानातले अपवाद सोडून. श्वास अडकलाय, पाय जातायत, ताप आहे आणि न्यूट्रोफिल नाहीत, तर आधी उपचार. आणि निगेटिव्ह नाही, त्यामुळे ३०० पैकी एकही गोल रिकामा ठेवून उठू नका.